फोर्ट-काळा घोडा पुन्हा गजबजलं म्हणतात, पण किती वाजता?

विरार_फास्ट

मंडळी, काळा घोडा आणि फोर्टवर इथे खादाडीच्या धाग्यांत तुकड्यातुकड्याने बरंच लिहून झालंय. हा धागा खादाडीचा नाही. (म्हणजे शेवटी होईलच, आपल्याला सवय आहे.)

जो तो म्हणतो, फोर्टला पुन्हा जान आली. मी बॅलार्ड इस्टेटपासून नगीनदास मास्टर रोडपर्यंत टेबलं बदलत नोकरी केली, त्यामुळे रोज दिसतं ते सांगतो. जान आली, खोटं नाही. पण ती संध्याकाळी सातनंतर आणि शनिवार-रविवारी. सोमवार ते शुक्रवार दुपारी एक वाजता जो फोर्ट असायचा, तो आटत चाललाय.

पूर्वी बरोबर उलटं होतं. साडेसहाला शटरं पडली की हुतात्मा चौकातून काळ्या घोड्याकडे जाताना कुत्री आणि वॉचमन, एवढेच भेटायचे. रविवारी गल्लीत क्रिकेट. मग राष्ट्रीय शेअर बाजार वरळीहून बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) गेला, मागोमाग इथल्या बँका आणि कंपन्यांची मुख्यालयं गेली, तळमजले रिकामे पडले. तिथे आधी आले ते मोठ्या खिशाचे. हॉर्निमन सर्कलला २०११ मध्ये हर्मेस. ऑक्टोबर २०१२ मध्ये एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये स्टारबक्सचं देशातलं पहिलं दुकान. २०२३ मध्ये तिथेच एका जुन्या बँकेच्या इमारतीत सब्यसाचीचं चार मजली दालन. आणि इकडे साईबाबा मार्ग, रोपवॉक लेन, व्ही. बी. गांधी मार्ग या गल्ल्यांत कॅफे, बुटीक, गॅलऱ्या. सगळंच काही श्रीमंतांचं नाही. किताबखाना २०११ ला सुरू झालं, डिसेंबर २०२० मध्ये आग लागली, पुढच्याच वर्षी पुन्हा उघडलं. स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ मध्ये बंद झाल्यावर आमच्यासारख्यांना तोच आधार आहे.

आता दुसरी बाजू. आमच्या ऑफिसच्या जिन्याखाली रबरी शिक्के करणारा एक जण बसायचा. जागा एवढीच की तो बसला की गिऱ्हाइकाने फुटपाथवर उभं राहायचं. चिमट्याने एकेक अक्षर उचलून साच्यात लावायचा आणि उलट्या अक्षरांत स्पेलिंगची चूक आपल्या आधी त्याला दिसायची. कंपनीचा गोल शिक्का सकाळी सांगितला की जेवणाच्या सुट्टीत तयार. आता तिथे पितळी कुंडी आहे आणि मेनूचा स्टँड. कोर्टाच्या बाजूचे टंकलेखनवाले, वह्या-लेजर बांधून देणारे, राईसप्लेटवाले, एकेक करून गेले. दुपारी एक वाजता भूक लागलेल्या कारकुनाला बसून जेवायला आज किती जागा आहेत, मोजून बघा.

नवीन दुकानं नकोत असं माझं अजिबात म्हणणं नाही. इमारती सावरल्या जातायत हे दिसतंय. त्यांतले धंदे कुठे गेले, आणि हे टाळता आलं असतं का, एवढंच विचारतोय.

मिसळ_मास्तर

पहिला!

लेख आवडला. बाकी 'पितळी कुंडी आणि मेनूचा स्टँड' यावरून कॅफे ओळखला. तिथे पोहे मागवले होते. खोलगट दगडी वाडग्यात आले, वर खाण्याचं फूल. शेव मागितली तर वेटरने सुटीवर गेलेल्या नातेवाइकाची चौकशी केल्यासारखं बघितलं.

खडूस_आजोबा

काळा घोडा गजबजलाय म्हणे! अहो, तो ओस कधी होता? सामोवार कॅफे १९६४ पासून जहांगीर आर्ट गॅलरीच्या व्हरांड्यात होतं. लांबट, अरुंद जागा, शेजारच्या टेबलावरचं भांडण फुकट ऐकायला मिळायचं. एका चहावर दोन तास बसा, कोणी उठवत नसे. २०१५ ला बंद. समोर ऱ्हिदम हाऊस, रेकॉर्ड ऐकायला केबिनी, २०१६ ला बंद. वेसाइड इनमध्ये अरुण कोलटकर खिडकीशी बसलेले आम्ही पाहिलेत. तेही गेलं, आणि कोलटकर २००४ ला गेले.

तुमची ही नवी गजबज म्हणजे फोटो काढून निघून जाणारी. बसणारा माणूस कुठाय?

निळी_छत्री

आजोबा, सामोवारचं दुःख मलाही आहे. पण एका चहावर दोन तास बसू देणारं हॉटेल कशाच्या जोरावर चालतं, याचा हिशोब मांडायला हवा. कामानिमित्त (जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते) हे रोज बघते, म्हणून जरा लांब लिहिते. कंटाळा आला तर मास्तरांच्या प्रतिसादावर उडी मारा.

मुंबईत १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत ते गरजेचंही होतं. पण तो कायदा मुदतवाढी घेत घेत अर्धशतक चालला. इराणी, खानावळी, पुस्तकवाले, तुमचे शिक्केवाले टिकले त्यात मेहनत होतीच, आणि नाममात्र भाडंही होतं. त्याच कायद्याने मालकाच्या हातात इतकं थोडं ठेवलं की छप्पर गळलं तरी त्याने वर चढून बघू नये. म्हणजे ज्या भाड्याने खानावळ जगवली त्याच भाड्याने तिच्या डोक्यावरची तुळई कुजवली. १६ जुलै २०२० ला मिंट रोडवर भानुशाली बिल्डिंगचा भाग कोसळला तेव्हा माणसं गेली. फोर्टातच, जीपीओच्या अंगणात म्हणावी इतक्या जवळ.

मग १९९९ चा नवा कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू. त्यात बँका, सरकारी कंपन्या आणि एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्यांचं संरक्षण काढून घेतलं. बाकी भाडेकरूंना ते राहिलं, वर्षाला चार टक्के वाढ धरून. फोर्टात बँका आणि कंपन्यांनी किती जागा अडवल्या होत्या ते विरार_फास्ट यांना सांगायला नको. माझ्या मते तळमजले मोकळे होण्यामागे बीकेसीइतकाच या कलमाचा हात आहे.

आणि तिसरी गोष्ट. १९९५ मध्ये मुंबईला वारसा नियमावली मिळाली, देशातली अशी पहिली. यादीतली इमारत पाडायची तर समितीपुढे जावं लागतं. त्यामुळे फोर्टात मालकापुढे दोनच वाटा उरतात. पडू द्या, किंवा दुरुस्तीचा खर्च झेपेल असा भाडेकरू आणा. पन्नास वर्षांची गळती, गंजलेले लोखंडी आय-सेक्शन, भिंतीत उगवलेला पिंपळ हे सगळं निस्तरणारा भाडेकरू वीस रुपयांचा चहा विकून ते वसूल करू शकत नाही. म्हणून साडेतीनशेची कॉफी. मला ती परवडते म्हणून नाही म्हणत, मीही डबाच नेते.

मिसळ_मास्तर

उडी मारून इथे आलेल्यांचं स्वागत. वर जाऊन वाचा, चांगलं लिहिलंय ताईंनी.

बोराबझार

या सगळ्यात एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. फोर्टात माणसं राहतातसुद्धा. आमची तिसरी पिढी बोरा बाजारात. पागडीची खोली, लाकडी जिना, सार्वजनिक संडास गॅलरीच्या टोकाला. खाली आधी कागदवाला होता, त्याच्या शेजारी छापखाना. यंत्र सुरू झालं की आमच्या मांडणीतली भांडी वाजायची. कागदवाल्याने दोन वर्षांपूर्वी जागा दिली. पागडीतला रिवाज तुम्हाला माहीत असेल, व्यवहाराचा साधारण तिसरा हिस्सा मालकाला जातो, मग पावती नव्या नावावर. मालक खूश, कागदवाला भाईंदरला फ्लॅट घेऊन खूश. त्याला कोणी हाकललं नाही, तो हसत गेला. हेही लिहून ठेवा.

चांगलं काय झालं ते आधी सांगतो. माझी मुलगी क्लासवरून साडेनऊला येते. पूर्वी मी स्टेशनवर घ्यायला जायचो. आता रस्त्यात उजेड असतो, माणसं असतात, ती एकटी येते.

वाईट म्हणजे खाली आता हॉटेल आहे आणि त्यांच्या किचनची चिमणी मागच्या गल्लीत, बरोबर आमच्या खिडकीखाली. दहीभात खाल्ला तरी लसणाचा वास. रात्री गाड्या लावणारी पोरं दोन रांगांत गाड्या लावतात, अँब्युलन्स आली तर काय, देव जाणे. आणि मुख्य भीती म्हणजे आत त्यांनी एक भिंत काढलीय. लाकडी तुळयांची इमारत आहे. वरच्या मजल्यावरच्या आजींच्या खोलीत फरशीला चीर गेलीय. विचारलं तर म्हणाले, ती पार्टिशनची भिंत होती. असेलही, मला त्यातलं कळत नाही.

निळी_छत्री

भिंत काढलीय??? हे कृपया हलक्यात घेऊ नका. जुन्या इमारतीत 'पार्टिशन' म्हणून बांधलेली भिंतसुद्धा वरची तुळई वाकली की वजन घ्यायला लागते. आत्ता घाईत आहे, रात्री नीट लिहिते.

ठळक_अक्षर

सगळं वाचलं. या परिसरातल्या नव्या दुकानांच्या पाट्या बघितल्यात का कोणी? २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणे देवनागरीत मराठी पाटी सक्तीची आहे आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. दुकानदार सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथे २५ नोव्हेंबर २०२३ ची मुदत मिळाली. ती उलटून कधीची गेली. काळ्या घोड्याला अजून काही ठिकाणी मराठी नाव शोधायला भिंग लागतं. पितळी अक्षरं, काळ्या दगडावर, खाली कोपऱ्यात.

खडूस_आजोबा

ठळक_अक्षर यांच्याशी आयुष्यात पहिल्यांदा सहमत.

शीव_ते_शिवाजीपार्क

पाटी मराठी झाली म्हणून आत मराठी माणूस जाणारे का? मुळात त्या भागात मराठी धंदेवाईक होते किती? पारशी, बोहरी, गुजराती, उडुपी. आपण तिथे टेबलाच्या अलीकडे, नोकरीवर.

ठळक_अक्षर

कोण होतं याचा प्रश्नच नाही. कायदा आहे, पाळा. आणि मोठी अक्षरं लावली तर इमारतीची शोभा जाते हे कारण मला सांगू नका, दादाभाई नौरोजी रोडवर २००० च्या सुमाराला सगळ्या दुकानांच्या पाट्या कमानींच्या मापात बसवल्या होत्या. करायचं ठरवलं तर दोन्ही जमतं.

विरार_फास्ट

पाट्यांवर वेगळा धागा काढा ही विनंती. इथे पानभर तेच होईल. शीव_ते_शिवाजीपार्क यांचा 'टेबलाच्या अलीकडे' हा मुद्दा मात्र माझ्याच मुद्द्याला धरून आहे. आपण तिथे नोकरीवर होतो, आणि नोकरीवरच्या माणसासाठी जे लागतं तेच आधी गेलं.

निळी_छत्री, तुमचं भाड्याचं गणित पटलं. शंका एकच. दुरुस्तीचा खर्च वसूल करायला तळमजला महाग झाला, ठीक. पण जिन्याखालच्या चार फुटांत कोणाचा काय खर्च वसूल होणार होता? ती जागा निव्वळ नीटनेटकं दिसावं म्हणून गेली. कुंडीला भाडं नाही.

निळी_छत्री

हो, हे खरं आहे, आणि यात आमच्या व्यवसायाचाही वाटा आहे. दर्शनी भागाचं चित्र काढताना आम्ही जिन्याखालचा माणूस, पानाची गादी, भिंतीला टेकवलेलं मासिकांचं फळकूट हे 'अतिक्रमण' म्हणून पुसून टाकतो. कधी ते असतंही. पण कित्येकांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावत्या असतात.

गिरगावची_सून

मला एक सांगा, हे सगळं गिरगावात का होत नाही? फोर्टपासून दोन मैल नाही. आता भुयारी मेट्रोही झाली, ऑक्टोबर २०२५ पासून गिरगाव आणि काळबादेवी दोन्ही स्टेशनं चालू. जुनी घरं आमच्याकडेही आहेत, किंबहुना आमच्याकडे १८९३ च्या गणेशोत्सवाची केशवजी नाईकांची चाळ आहे. खाण्याचं म्हणाल तर विनय आहे, पणशीकर आहेत. पण नवीन काही येतं ते थेट टॉवर. खोताच्या वाडीतलं अनंताश्रम बंद झालं त्याला जमाना झाला, त्या चवीचं काही आलं का? एखाद्या पोराने चाळीच्या तळमजल्यावर नीट मासळीचं हॉटेल काढलं असं ऐकू येत नाही.

निळी_छत्री

कारण तिथे पाडणं फायद्याचं आहे. गिरगावातल्या बहुतेक चाळी उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती) आहेत. विकास नियमावलीच्या ३३(७) खाली त्या पाडून बांधल्या तर तीन एफएसआय (म्हणजे भूखंडाच्या तिप्पट बांधकाम) किंवा त्याहून जास्त मिळतो, जुन्या भाडेकरूंना मालकीची घरं मिळतात, उरलेलं बिल्डर विकतो. भाडेकरूच्या जागी मी असते तर मीही सही केली असती. सार्वजनिक संडासापुढे रांगेत उभं राहणाऱ्याला वारसा शिकवायला मी जात नाही. पण जिथे पाच-दहा वर्षांत इमारत जाणार हे सगळ्यांना माहीत आहे, तिथे तळमजल्यावर पैसे घालून भट्टी कोण लावेल? फोर्टात पाडता येत नाही, म्हणून दुरुस्त करून वापरतात. गिरगावात पाडता येतं, म्हणून वाट बघत बसतात.

शिवाय टॉवर झाला की खालचे मजले पार्किंगचे. रस्त्याला लागून दुकानांची जी सलग ओळ होती तिच्या जागी गेट आणि रॅम्प. दुकान सुरू करायचं म्हटलं तरी दारच उरत नाही.

गिरगावची_सून

हं. आमच्या नव्या इमारतीत अगदी हेच झालंय. दळण टाकायला आता पलीकडच्या गल्लीत जावं लागतं. घरात मात्र स्वतंत्र संडास आहे आणि सासूबाईंना त्यापुढे गिरणीचं काही वाटत नाही.

वाडीतला

खोताच्या वाडीत राहतो, म्हणून लिहितो. आमच्याकडे थोडं फोर्टसारखंही झालंय. वाडीत एके काळी साठ-पासष्ट बैठी-दुमजली घरं होती, लाकडी जिने बाहेरून. आता निम्मीही नाहीत. राहिलेल्यांतल्या एकात ४७-ए नावाची गॅलरी निघाली. वस्त्रं, हातमाग, डिझाइन अशी प्रदर्शनं असतात, तिकीट नाही. चांगलं चालवतात. आयडियलचे वेफर्स अजून त्याच गल्लीत मिळतात, आणि प्रदर्शनाला आलेला माणूस जाताना पिशवी घेऊन जातो. एकाला दुसऱ्याची मदत झालेलं हे उदाहरण माझ्या डोळ्यासमोरचं आहे.

त्रास एकच. लोक आमच्या पायरीवर बसून फोटो काढतात, मागे दोरीवर आमचे टॉवेल असले की म्हणतात जरा बाजूला करता का!

पुणेकर_पाहुणा

नमस्कार. एवढी विद्वत्ता चालू असताना विचारायला लाज वाटते, पण पुढच्या शनिवारी आई-बाबांना घेऊन येतोय. सीएसएमटीला उतरून काळ्या घोड्यापर्यंत काय बघावं आणि साध्या माणसाने कुठे जेवावं? आईला मासे चालतात, बाबा शाकाहारी.

मिसळ_मास्तर

आला, खादाडीचा धागा आला! विरार_फास्ट, भविष्यवेत्ते आहात.

पाहुणे, सीएसएमटीच्या समोर कॅपिटॉल सिनेमाच्या इमारतीत आराम. वडापाव, साबुदाणा वडा, पियूष. उभं राहून खायची तयारी ठेवा. बाबांना बसून जेवायचं असेल तर तिथेच पलीकडे पंचम पुरीवाला. आईंना मासे हवेत तर फोर्टात प्रदीप गोमांतक, जागा साधी, सोलकढी पहिल्या पाच मिनिटांत मागवा. ब्रिटानियाचा बेरी पुलाव खायचा तर दुपारीच, रात्री जाल तर दार बंद. चहा-ब्रून मस्का धोबीतलावला कयानी, १९०४ पासून आहे. पुण्याचे आहात, दुपारी एक ते चार दुकान उघडं बघून दचकू नका.

पुणेकर_पाहुणा

शेवटचं वाक्य अपेक्षितच होतं. बाकी आभार.

खडूस_आजोबा

पाहुणे, खाणं झालं की आई-बाबांना डेव्हिड ससूनच्या बाजूने चालत न्या, एस्प्लनेड मॅन्शनसमोर उभं करा. ते पूर्वीचं वॉटसन हॉटेल. ७ जुलै १८९६ ला लुमिएर बंधूंच्या माणसाने तिथे चित्रपट दाखवला, देशात पहिल्यांदा. बिडाच्या सांगाड्याची इमारत, २०१९ मध्ये रिकामी केली. निळी_छत्रीबाई दुरुस्त-करून-वापर म्हणतात ना, त्यांना विचारा इथे कॅफेवाला का नाही आला.

आणि घोडा बघायचा तर दोन. चौकात आहे तो २०१७ चा, बिनस्वाराचा. अस्सल जुना, राजपुत्रासकट, १९६५ पासून राणीच्या बागेत.

निळी_छत्री

आजोबा, नेमकी जखम धरलीत. एस्प्लनेडला इतके पोटभाडेकरू, इतकी वर्षं कोर्टकचेरी, आणि सांगाडा आतून इतका थकलेला की पहिला रुपया कोणी घालायचा हेच ठरेना. ऱ्हिदम हाऊसचं बघा. २०१७ मध्ये नीरव मोदीच्या कंपनीने घेतलं, घोटाळ्यानंतर जप्त झालं, २०२४ मध्ये जवळजवळ ४८ कोटींना कपड्यांच्या धंद्यातल्या कंपनीकडे गेलं. मोक्याचा कोपरा, तरी इतकी वर्षं शटर खाली होतं. मालकी मोकळी असल्याशिवाय कोणीही येत नाही, गरीब नाही आणि श्रीमंतही नाही.

बोराबझार, तुमचं आता. सगळ्या भाडेकरूंच्या सह्यांनी महापालिकेच्या ए विभाग कार्यालयात इमारत खात्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. त्यात 'भिंत काढल्याचं दिसतं, वरच्या मजल्यावर चीर आहे, पाहणी करावी' एवढंच लिहा, आरोप नको. चिरेचा फोटो जोडा, शेजारी पट्टी धरून. चिरेवर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवा आणि तारीख लिहा. काच तुटली तर हालचाल चालू आहे. इमारत उपकरप्राप्त असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळालाही प्रत. वारसा यादीत असेल तर वारसा समितीलाही.

बोराबझार

खूप आभार ताई, सोमवारी अर्ज तयार करतो. एक नवीनच गुंता आहे. मालकाचा मुलगा काल येऊन सांगून गेला की हॉटेलवाले आमचा लाकडी जिना नव्याने बांधून द्यायला तयार आहेत, स्वतःच्या खर्चाने. यावर आमच्यात दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात आत्ता तक्रार केली तर जिना जाईल. पहिल्या मजल्यावरचे काका तर म्हणाले, चीर आजींच्या खोलीत आहे, जिना सगळ्यांचा आहे.

मिसळ_मास्तर

आधी जिना बांधून घ्या, मग अर्ज टाका.

निळी_छत्री

मास्तर, असलं सांगू नका हो. बोराबझार, अर्ज आधी. जिना बांधायलाही परवानगी लागतेच, तेव्हा इंजिनियर येऊन इमारत बघणार आहे. त्यालाच भिंतही दाखवा, आणि जिन्याचं जे कबूल केलंय ते मालकाकडून आणि हॉटेलवाल्यांकडून एकाच कागदावर लिहून घ्या. काकांना म्हणावं, जिना चढून वर जायचं ते त्याच फरशीवर.